फवारणी पंपाच्या पेट्रोल इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीवर कोवळी फूट असते. त्याच सुमारास पाऊस होऊन पाने ओली राहिली की केवडा रोगाचा धोका वाढतो. अशा वेळी फवारणी एक दिवस लांबली तरी चालत नाही आणि नेमके त्याच सकाळी पंपाचे इंजिन दोरी ओढून ओढून सुरू होत नाही. पुष्कळदा दोष ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे इग्निशनमध्ये असतो. जुन्या इंजिनातील पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसविल्यास हा त्रास बराच कमी होतो. हे काम कसे करावे आणि कोणती काळजी घ्यावी याची माहिती येथे दिली आहे.

पॉइंट कसे काम करतात?

फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसविलेले असतात. ते कॉइलजवळून फिरताना कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यात वीजप्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह मिटलेल्या पॉइंटमधून वाहतो. ठरावीक क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह एकदम तुटतो आणि बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटवर आग होऊ नये म्हणून कंडेन्सर जोडलेला असतो.

पॉइंट उघडणारी फायबरची टाच सतत घासते. ती झिजली की पॉइंटमधील अंतर कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. शिवाय पॉइंटवर काजळी, तेल किंवा ओल बसते. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये हेच प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. त्यात घासणारा भाग नसल्यामुळे झीज होत नाही.

टायमिंगचे महत्त्व

इंधन जळायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणारे इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरते, म्हणजे एक अंश फिरण्यास त्याला सेकंदाचा १८ हजारावा भाग लागतो. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते आणि सुरू करताना दोरी उलट हिसका मारते. त्यामुळे मनगटाला इजा होऊ शकते. ठिणगी उशिरा पडली तर ताकद घटते व इंजिन तापते.

मोटारीच्या इंजिनाचा वेग व भार सतत बदलतो. म्हणून इंग्लंडमध्ये सुटे भाग जोडून घरी मोटार तयार करणारे हौशी लोक जुन्या इंजिनाला प्रोग्रॅम करता येणारे इग्निशन बसवितात. त्यात बहुधा ३६ दातांच्या हिशेबाची, पण एक दात काढलेली चकती क्रँकवर लावतात. प्रत्येक दात १० अंशांचा असतो. रिकाम्या दातावरून सेन्सरला पिस्टनची जागा कळते आणि प्रत्येक वेगाला व भाराला किती अंश आधी ठिणगी पाडायची हे संगणकावरून भरून ठेवता येते. फवारणी पंपाचे इंजिन मात्र बहुतेक वेळ एकाच वेगाने चालते. त्यामुळे आपणास इतक्या खर्चाची गरज नाही. त्या इंजिनासाठी बनविलेले साधे मॉड्यूल पुरते.

आधी तपासणी करा

नव्या बहुतेक लहान इंजिनांत कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन असते, म्हणून प्रथम माहितीपुस्तिका पाहावी. पेट्रोल ताजे आहे का, त्यात पाणी नाही ना, एअर फिल्टर स्वच्छ आहे का हे बघावे. प्लग साफ करून त्यातील अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. बहुतेक लहान इंजिनांत ते ०.६ ते ०.८ मि.मी. असते. नंतर प्लग वायरला जोडून त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवावे व दोरी ओढावी. जोरकस निळी ठिणगी पडत असेल तर इग्निशन बदलू नये, दोष इतरत्र शोधावा. ही चाचणी सांडलेल्या पेट्रोलजवळ किंवा प्लगच्या उघड्या छिद्राजवळ करू नये. वायर हातात धरू नये.

बसविण्याची पद्धत

१) प्लगची वायर काढून ठेवावी. फ्लायव्हील पुलरने काढावे. हातोड्याचे घाव घालू नयेत, त्यामुळे फ्लायव्हील किंवा चुंबक तडकू शकतात.

२) फ्लायव्हीलची चावी पाहावी. ती थोडी जरी कातरली असली तरी टायमिंग चुकते. अशी चावी बदलावी.

३) कॉइलपासून पॉइंटकडे जाणारी वायर पॉइंटपासून सोडवावी. ती तशीच राहिल्यास मिटलेल्या पॉइंटमधून प्रवाह जमिनीला जाईल व ठिणगी पडणार नाही.

४) काही इंजिनांत पॉइंट ढकलणारी बारीक दांडी असते. ती काढल्यास भोक बुजवावे, नाहीतर तेथून तेल येते.

५) मॉड्यूलची एक वायर कॉइलच्या त्याच टोकाला व दुसरी इंजिनाच्या अंगाला जोडावी. जेथे अर्थ द्यायचा तेथील रंग व गंज खरवडावा. इंजिन बंद करण्याची वायर पूर्वीप्रमाणे त्याच टोकाला ठेवावी.

६) जोड झाळून त्यावर नळी चढवावी. वायर फ्लायव्हील व सायलेन्सरपासून दूर बांधावी.

७) कॉइल व फ्लायव्हीलमधील अंतर फिलर गेजने पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. पुष्कळ इंजिनांत ते ०.३ मि.मी.च्या आसपास असते.

मॉड्यूल घेताना इंजिनाचे मॉडेल दुकानदारास अवश्य सांगावे. चुंबकांची दिशा जुळली नाही तर ठिणगी पडत नाही. बसविल्यावर शक्य असेल तेथे टायमिंग लाइटने खूण तपासून घ्यावी. सुरू करताना दोरी उलट खेचली गेली तर काम थांबवून चावी व मॉड्यूल पुन्हा तपासावे. प्लगची वायर मोकळी सोडून इंजिन फिरवू नये, उच्च दाबाने मॉड्यूल जळू शकते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी

पॉइंट बिघडले तर बांधावर बसूनही बारीक कानशीने साफ करून काम निभावता येते. मॉड्यूल बिघडले तर दुरुस्त होत नाही, ते बदलावेच लागते. म्हणून काढलेले पॉइंट व कंडेन्सर कागदात गुंडाळून डब्यात जपून ठेवावेत. शक्य झाल्यास एक जादा मॉड्यूल छाटणीपूर्वीच आणून ठेवावे. पंप धुताना इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये.

हे काम हंगाम सुरू होण्यापूर्वी, माहितगार मिस्त्रीच्या मदतीने करावे आणि दोन-तीन वेळा इंजिन चालवून पाहावे. औषध कालवून ठेवल्यावर इंजिन दुरुस्त करण्याची वेळ येऊ नये, एवढी तयारी असल्यास फवारणी वेळेवर होईल व पीक वाचेल.