गठडी सोडण्याआधी : विनरारमधील दोष आणि आपला व्यवसाय



मालाची गठडी आली की आपण ती सोडून बघतो आणि माल पसंत पडला तरच ठेवून घेतो. नुसती गठडी सोडल्याने दुकान लुटले जात नाही. संगणकावर मात्र नेमके हेच घडू शकते. ते कसे, हे आज समजून घेऊ.

गिऱ्हाइकाची डिझाइने, दरपत्रके, हिशेबाचे कागद अनेकदा एकाच दाबलेल्या फाइलीत येतात. झिप आणि रार हे तिचे परिचित प्रकार. रार हा प्रकार रशियाचे युजीन रोशल यांनी १९९३ साली तयार केला. विंडोजवर अशा फाइली उघडण्यासाठी विनरार हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते.

दोष कोठे असतो?

दाबलेल्या फाइलीत आतील प्रत्येक फाइलीचे नाव आणि ती कोठे ठेवायची याची नोंद असते. आपण सांगितलेल्या फोल्डरबाहेर काहीही ठेवायचे नाही, हे सॉफ्टवेअरचे काम. त्यात चूक राहिली, तर खोटी नोंद करून घातक प्रोग्राम विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरात टाकता येतो. तेथील प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप चालतात. म्हणजे आज फाइल उघडली आणि उद्या सकाळी संगणक सुरू केला की चोर आत!

तीन उदाहरणे

१) फेब्रुवारी २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी असाच दोष उघड केला. तो एस नावाच्या जुन्या प्रकारच्या फाइली उघडणाऱ्या भागात १९ वर्षे पडून होता. त्या भागाचा मूळ कोड विनरारच्या निर्मात्यांकडे नसल्याने त्यांनी तो भागच काढून टाकला.

२) २०२३ मध्ये शेअर व आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांना फसव्या झिप फाइली देण्यात आल्या. आतील साध्या चित्रावर क्लिक केले की त्याच नावाच्या फोल्डरातील घातक प्रोग्राम चालत असे. ग्रुप-आयबी या कंपनीच्या पाहणीत किमान १३० जणांचे संगणक बाधित आढळले. ऑगस्ट २०२३ मधील ६.२३ आवृत्तीत हा दोष दूर झाला.

३) जुलै २०२५ मध्ये ईसेट या कंपनीला आणखी एक दोष सापडला. युरोप व कॅनडातील कारखाने, वित्त आणि मालवाहतूक कंपन्यांना नोकरीचा अर्ज म्हणून रार फाइली पाठवल्या जात होत्या. ३० जुलै २०२५ रोजी आलेल्या ७.१३ आवृत्तीत तो दुरुस्त झाला.

आपण काय करावे?

दुरुस्ती झाली तरी ती आपल्या संगणकावर आपोआप येत नाही. विनरारची ४० दिवसांची चाचणी मुदत संपली तरी ते चालत राहते. त्यामुळे कोणी एकदा बसवून दिलेली प्रत वर्षानुवर्षे तशीच राहते. खरा धोका येथेच आहे. म्हणून :

• विनरार उघडून हेल्प, मग अबाउट येथे आवृत्ती पाहावी. ती ७.१३ पेक्षा जुनी असेल तर नवी घ्यावी.
• नवी प्रत निर्मात्यांच्या अधिकृत स्थळावरूनच उतरवावी. कोणाच्या पेन ड्राइव्हमधील ‘फुकट’ प्रत घेऊ नये.
• अनपेक्षित फाइल आली तर उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून खात्री करावी. फोन नंबर आपल्या वहीतला घ्यावा, त्या पत्रातला नव्हे.
• हिशेब व डिझाइनची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी.
• रार फाइली उघडण्याची गरजच नसेल, तर विनरार काढून टाकावे.

आपल्या संगणकात केवळ आपलेच नव्हे, तर गिऱ्हाइकांचेही हिशेब आणि नमुने असतात. ते त्यांनी विश्वासाने सोपवलेले असतात. दुकानाचे कुलूप जुने झाले की आपण बदलतो. या कुलपाकडेही आजच पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.