पोलीस ॲक्शननंतरचं गाव

केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावात जुनी माणसं साल सांगत नाहीत. "रझाकारीच्या वक्ताला" नाहीतर "पोलीस ॲक्शनच्या नंतर" असं म्हणतात. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 तारखेला निजाम शरण आला; हीच पोलीस ॲक्शन. पुढे हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी एकमेकांना पुन्हा आपलं कसं मानलं, हे मी म्हाताऱ्यांजवळ बसून ऐकत आलो. त्यातून उमगलेलं लिहितो.

1. ज्याचं राज्य होतं त्याच्या राज्यात राहणं हा गुन्हा नव्हे. पटवारी, पाटील, उर्दूतून शिकवणारा मास्तर यांनी निजामाची चाकरी केली. दुसरं सरकार होतं कुठं? नोव्हेंबर 2022 मध्ये रशियन फौज युक्रेनच्या खेरसोनमधून मागे हटली, तेव्हा तिच्या ताब्यात शिकवत राहिलेल्या मास्तरांना गुन्हेगार धरायचं का, असाच वाद झाला. घर कुणी जाळलं, हत्यार कुणी उचललं, एवढं विचारावं.

2. दोन्ही घरांचं दुःख खरं मानावं. निजामाच्या बाजूनं हत्यार उचललेल्या रझाकारांच्या भीतीनं कितीतरी कुटुंबं रातोरात मुंबई इलाख्यात, बार्शीकडं निघून गेली. त्यांचं ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण सप्टेंबरनंतर जो सूड उगवला गेला, त्यात रझाकारीशी काडीचाही संबंध नसलेले मुसलमान मारले गेले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं त्याच वर्षअखेरीला संस्थानात फिरून मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला, हे मला अक्षम्य वाटतं. कारण मुसलमान विणकरांना वाचवताना जीव गमावलेल्या हिंदू विणकरांची नोंदही त्याच्याबरोबर दडली. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा कासीम रझवी 1957 मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. त्याच्यावरचा राग मात्र इथंच राहिलेल्या गरिबांवर निघत राहिला.

3. भाषणांपेक्षा पेरणीनं माणसं लवकर जवळ आणली. बैल, बियाणं, मजूर लागतातच. बोलणं तिथूनच सुरू झालं, असं बहुतेक जण सांगतात.

4. जुन्या राजवटीची विद्या टाकाऊ ठरवू नये. कचेरीतून उर्दू गेली आणि चांगली शिकलेली माणसं अडाण्यांत जमा झाली. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली दप्तरं उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची पुन्हा गरज पडली.

5. निजामाविरुद्धचा मुक्तिसंग्राम सगळ्यांचा होता. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिलं, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. गावोगावच्या सरपंचांना आणि गुरुजींना माझी विनंती आहे: येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या बरोबरीनं त्यांचंही नाव घ्या, आणि गावातल्या मुसलमान वडीलधाऱ्यांना घरी जाऊन बोलावणं करा.