किरणांची उशिरां उमटणारी खूण

रोग बरा झाला म्हणजे औषधाचें काम संपलें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु कर्करोगावरील किरणोपचाराची एक खूण कधीं कधीं कित्येक वर्षांनीं शरीरावर उमटते. ती वेळेवर ओळखतां यावी, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

सन १८९५ मध्यें राँटजेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला व १८९८ मध्यें क्यूरी दांपत्यास रेडियम सांपडलें. हे किरण मोजून व विभागून दिले असतां कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात आणि भोंवतालच्या निरोगी पेशी बहुतांशीं सांवरतात. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्त निधींतून परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. १९६२ पासून तें अणुऊर्जा खात्याकडे आहे. मढचा रुग्ण तरींतून वर्सोव्यास उतरतो व अंधेरीस आगगाडी धरून तेथें जाऊं शकतो.

आतां मज्जातंतूंकडे वळूं. मेंदूचे निरोप नेणारे व आणणारे हे तंतु किरणांच्या वाटेंत आले, तरी उपचाराच्या दिवसांत त्यांस कांहीं झाल्याचें सहसा दिसत नाहीं. पुढें मात्र तेथील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात, जुन्या व्रणासारखा घट्ट थर वाढतो व तो तंतूस आवळतो. ही क्रिया इतकी मंद असते कीं, लक्षणें दिसावयास कांहीं महिने, पुष्कळदां अनेक वर्षें लागतात.

स्तनाच्या कर्करोगांत काखेकडे व मानेच्या खालच्या भागावरही किरण द्यावे लागतात. हातास जाणारें मज्जातंतूंचें जाळें तेथूनच जातें. त्यास इजा झाल्यास बोटांस मुंग्या येतात, मग बधिरता येते व हाताची शक्ति घटते. घशाच्या कर्करोगानंतर क्वचित् जिभेचा मज्जातंतु दुबळा होऊन बोलणें व गिळणें अडखळतें. कोळीवाड्यांत मासळी कापणाऱ्या बाईचा हात बधिर झाला, तर रुतलेला कांटा किंवा चुलीचा चटका तिला कळत नाहीं, आणि जखम चिघळते.

एवढ्यावरून कोणीं किरणोपचारास भिऊन तो टाळूं नये. रोगाचें भय याहून पुष्कळ मोठें आहे. पूर्वीं एका वेळीं मोठी मात्रा देत, तेव्हां ही इजा अधिक होई. पुढें ५० ग्रे मात्रा २५ दिवसांत वांटून देण्याची रीति रूढ झाली. आतां सीटी स्कॅन पाहून मज्जातंतूंवर किती किरण पडतील याचा आधींच हिशेब करतात.

इजा झालेला तंतु पूर्ववत् करणारें खात्रीचें औषध अद्याप नाहीं. व्यायामोपचारानें हात चालता ठेवतां येतो व औषधांनीं वेदना कमी करतां येते. परंतु मुंग्या आल्या कीं कोणी वयास दोष देतो, तर कोणी रोग परत आला म्हणून हाय खातो. दोन्ही निष्कर्ष घरीं काढूं नयेत. रोग खरोखरच परतला आहे काय, हें एमआरआय इत्यादि तपासण्यांनीं डॉक्टरांसच ठरवूं द्यावें. त्यासाठीं किरण शरीराच्या कोणत्या भागावर, किती व कोणत्या सालीं दिले, हें त्यांस समजणें अवश्य आहे.

म्हणून पालकांनीं उपचाराचे जुने कागद जपून ठेवावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या आजीस ते वाचतां येत नसतील, तर ते वाचून दाखविण्याचें व डॉक्टरांकडे नेण्याचें काम तुम्हीच अंगावर घ्या.