ओट्याला दगड कोणता?

बजेट कमी असेल तर आधी दगड ओळखा. कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे तिन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. लिंबू, चिंच सांडली की आम्ल दगड खातं आणि पॉलिश जातं. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार. त्यांना लिंबाचं काही होत नाही. दुकानात सॅम्पलवर लिंबू पिळून थोडा वेळ ठेवा. चमक गेली, तर तो ग्रॅनाइट नाही.

नागपूरच्या आमच्या घरासाठी मी हिशोब मांडला. 10 फूट लांब, 2 फूट रुंद, 20 मिमी जाड ग्रॅनाइट सुमारे 100 किलो भरतो. म्हणून खाली आधाराला आणि कप्प्यांना स्वस्त कडप्पा, वर फक्त ग्रॅनाइट. काटकसर भिंतीच्या टाइल्समध्ये करा. ओट्याशी आई रोज उभी असते, तिथे नको.