फाईल ज्याची त्याची

दत्तक मुलांना त्यांच्या जन्मदेशी न्यायचं असेल तर एकेकट्यानं जाऊ नका, दोन-चार घरं मिळून जा, असं मी आजही सांगते. मात्र तिथं काय मिळून करायचं आणि काय मुळीच मिळून करायचं नाही, हे निघण्याआधी ठरवा. आमच्या प्रवासात हे दुसरं कुणी ठरवलं नव्हतं आणि त्याची किंमत एका मुलाला मोजावी लागली.

आम्ही नेदरलँड्समध्ये राहणारं मराठी कुटुंब. आमची लेक पुण्यातल्या एका संस्थेतून आमच्या घरी आली. तिथूनच मुलं घेतलेली काही डच कुटुंबं आमच्या ओळखीची झाली आणि मुलं लहान असल्यापासून आम्ही एकमेकांकडे जाऊ-येऊ लागलो. मुलं वयात आल्यावर एका नाताळच्या सुटीत सगळ्यांनी भारतात जायचं ठरलं. आधी पुणे आणि नंतर विसाव्याला माझं सासर, कोकणातलं कुणकेश्वर. हे सारं मी त्या घरांना आणि मुलांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सोबतीचा फायदा पुण्यात पहिल्याच दिवशी कळला. आपल्या वर्गात एकटीच सावळी असणारी ही मुलं लक्ष्मी रोडच्या गर्दीत शिरली आणि कुणाचं त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही. लोक बघत होते ते त्यांच्या उंच, गोऱ्या आई-बापांकडे. मुलांना त्याचं केवढं हसू! पण दुकानदार मुलांशी सरळ मराठीत बोलायला लागला, मुलं गप्प राहिली आणि उत्तर मागे उभ्या असलेल्या बाबांनी इंग्रजीत दिलं, तेव्हा ती खट्टू झाली. त्या क्षणी त्यांना आमची समजूत नको होती. एका मुलीशेजारी तशीच खट्टू झालेली दुसरी मुलगी होती, आणि दोघी एकमेकींना धरून दुकानाबाहेर पडल्या. आई-बाप कितीही मायेचे असले तरी हे ते देऊ शकत नाहीत.

संस्थेत गेलो त्या दिवशी मात्र वेळ वाचावा म्हणून सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं गेलं आणि फायली एकामागून एक उघडल्या गेल्या. एका मुलीच्या फायलीत आईचं वय होतं, गाव होतं, मूल सोपवताना तिनं दिलेलं कारण होतं. दुसरीच्या फायलीत जन्माच्या वेळचं वजन आणि तिला सांभाळणाऱ्या मावशींचं नाव निघालं. त्या मावशी अजून तिथंच होत्या, त्यांना बोलावलं गेलं, सगळे रडले. मग एका मुलाची फाईल आली. तिच्यात एक तारीख, एका पोलीस ठाण्याचं नाव आणि न्यायालयाचा आदेश, एवढंच होतं. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. त्यानं फाईल मिटली, ‘थँक यू’ म्हणाला आणि तिथपासून बोलणं टाकलं. गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही कोकणात आलो तरी तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे आहे की फाईल ज्याची त्यानं, आपल्या आई-बाबांबरोबर, वेगळ्या वेळी पाहावी. संस्थेला तसं आधी लेखी कळवा. फायलीत काय आहे याचा अंदाज पालकांनी महिनाभर आधी पत्रानं घ्यावा. मूल सापडलेलं असेल तर कागद थोडेच असणार आणि आई-वडिलांनी सोपवलेलं असेल तर जास्त, हा फरक मुलाला निघण्यापूर्वीच घरी सांगून ठेवा. बाहेर आल्यावर ‘काय निघालं?’ असं दुसऱ्या घरांनी विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर मूल सांगेल. आणि संस्थेतल्या आजच्या बाळांचे फोटो काढू नका. त्या बाळांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यात मनाई आहे. शिवाय आपल्या मुलाचा असा फोटो कुण्या पाहुण्याच्या मोबाइलमध्ये असता तर आपल्याला चाललं असतं का?

कुणकेश्वरला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आम्ही पोचायच्या आधीच वाडीतली घरं फिरून घेतली होती. ‘पोरांका आवशी-बापाशीचा कायएक विचारूचा नाय,’ अशी ताकीदच दिली होती. तरी समुद्राकडे जाताना एका आजीनं आमच्या लेकीला थांबवून विचारलंच, ‘कोणाचां गो चेडू तू?’ त्यात वाईट काही नव्हतं. कोकणात माणसाची ओळख तिथूनच सुरू होते. 2019च्या डिसेंबरात आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराड गावी आले. वडील त्या गावचे, आणि आडनावातच गाव होतं. आमच्या लेकीनंही आमच्या घराचं नाव सांगितलं आणि आजी समाधानानं पुढं गेल्या. पण तिच्याबरोबर चालणाऱ्या मुलांकडे सांगायला असं नाव नव्हतं. आमच्या मराठी घराला सहज मिळणारी ही गोष्ट डच घरांतल्या मुलांना मिळत नाही, याचा विचार गावाकडच्या आप्तेष्टांनी, यजमानांनी करायला हवा. मुलांना एकच वाक्य आधी शिकवून ठेवा: ‘आम्ही अमक्यांकडे पाहुणे आलोत.’ आजीही खूश आणि मूलही मोकळं. ‘नशीब काढलंस हो, परदेशात गेलीस,’ हे मात्र पाहुण्यांसमोर कुणीही म्हणू नये. मुलाला उपकाराचं ओझं नको असतं.

त्या मुलाचं मौन सुटलं ते देवळात. माझे चुलतसासरे, आमचे भाऊकाका, मुलांना मंदिराची आख्यायिका सांगत होते. वादळात सापडलेला एक परदेशी व्यापारी किनाऱ्यावरचा दिवा बघून नवस बोलला, वाचला आणि त्यानं हे शिवमंदिर बांधलं. काकांनी शेवटही गाळला नाही. आपले लोक आता आपल्याला परत घेणार नाहीत म्हणून त्यानं शिखरावरून उडी टाकली. मी भाषांतर करता करता अडखळले. मुलगा म्हणाला, ‘त्याला कुणी विचारायला तरी हवं होतं.’ मग तो बापाला घेऊन वाळूत खाली गेला आणि अंधार पडेपर्यंत दोघं बोलत राहिले. पुण्याहून थेट विमानतळ गाठला असता तर हे बोलणं झालंच नसतं. संस्थेच्या भेटीनंतर काहीही न पाहण्याचे, न ठरवण्याचे दिवस राखून ठेवा. सहलीचं वेळापत्रक ठासून भरायचा मोह होतो, विशेषतः तिकिटं महाग असली की. तो आवरा.

आणखी एका प्रसंगाबद्दल सावध करायला हवं. पुण्यात आमच्यासाठी धावपळ करणाऱ्या एका माणसानं एका मुलीला परस्पर गाठून सांगितलं, ‘तुझ्या आईच्या नावाची बाई मला सापडली आहे, थोडे पैसे लागतील.’ मुलगी रात्रभर जागी. सुदैवानं तिनं सकाळी आईला सांगितलं. कायद्याची वाट अशी नाही. केंद्र सरकारच्या ‘कारा’ या प्राधिकरणाच्या 2022च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधण्याची तरतूद आहे. अठरा वर्षांखालच्या मुलानं दत्तक आई-वडिलांसह अर्ज करायचा, त्यापुढं स्वतः करता येतो. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही. जन्मदात्या आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते. ती नाही म्हणाली किंवा सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं ते मुलाला सांगितलं जातं. ती बाई आज कुठल्या तरी घरात सून असेल, सासू असेल, आणि तिथं कुणालाच काही ठाऊक नसेल. तिच्या दारात अचानक गाडीभर पाहुणे उतरवायचा हक्क कुणालाही नाही, आपल्या लाडक्या लेकरालाही नाही. हे मुलांना समजतं. आमच्या मुलांना आमच्याआधी समजलं.

कागदांचं थोडक्यात सांगते. दत्तकाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जवळ ठेवा. जुन्या आंतरदेशीय प्रकरणांत तो बहुधा 1890च्या पालकत्वाच्या कायद्याखालचा, म्हणजे केवळ पालकत्वाचा आदेश असतो. दत्तकविधान पुढं परदेशात झालेलं असतं, म्हणून दोन्ही देशांचे कागद लागतात. भारतात जन्मलेल्या पण परदेशी पासपोर्ट असलेल्या मुलाला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळू शकतं. त्याला वेळ लागतो, तेव्हा आधीपासून लागा.

मुलं बातम्या वाचतात हेही ध्यानात असू द्या. 2021मध्ये डच सरकारच्या समितीनं पाच देशांतून झालेल्या जुन्या दत्तकांत गंभीर गैरप्रकार नोंदवले. त्या पाचांत भारत नव्हता, पण आमच्या टेबलावर प्रश्न आलाच: ‘माझे कागद खरे आहेत का?’ ‘असलं मनात आणू नकोस’ हे उत्तर नव्हे. भारतातही परदेशी दत्तकांतल्या गैरव्यवहारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर 1984मध्ये निकाल आला, 1990मध्ये ‘कारा’ची स्थापना झाली आणि 2003मध्ये भारतानं आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार मान्य केला. हा इतिहास आम्ही मुलांबरोबर बसून वाचला. मग लेकीची फाईल पुन्हा काढली आणि प्रत्येक कागदावरची तारीख, सही, शिक्का तिनं स्वतः ताडून पाहिला. एका तारखेचा मेळ बसेना. आम्ही संस्थेला पत्र लिहिलं, त्यावर तिची सही पहिली आणि आमच्या तिच्याखाली. खुलासा आला, तो तिला पटला. पटला नसता तर पुढचं पत्र ‘कारा’ला लिहायचं, हेही आम्ही तिघांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.