घरातलं प्रकरण आणि आपण शिक्षक : पोक्सो कायदा काय सांगतो?



मागच्या शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत एका मॅडमनी हळूच विचारलं, "वर्गातली एक मुलगी काकाबद्दल काहीतरी सांगतेय. आधी आईला बोलावून विचारू का?" आम्ही पाच-सहा जण होतो. सगळ्यांनीच 'हो, आधी घरच्यांशी बोला' असं सांगितलं. मीही मान हलवली. घरी येऊन कायदा वाचला तेव्हा कळलं की आमचं उत्तर चुकलं होतं. रात्रीच मॅडमना फोन केला.

पोक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012. याच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती असेल, किंवा घडेल अशी भीती वाटत असेल, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करा असं त्यात कुठेही नाही. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उलट चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही सिद्ध झालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. ही शेवटची गोष्ट आपल्यापैकी फार कमी जणांना माहीत असते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथलं प्रकरण आठवा. वसतिगृहातल्या मुलींवर अत्याचार झाले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असून पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला. पण 2 नोव्हेंबर 2022 रोजी सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला. माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि त्यामुळे गुन्हेगार पाठीशी घातला जातो, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

मग आईला आधी का सांगायचं नाही? आई वाईट असते म्हणून नव्हे. आपल्याकडं एकत्र कुटुंब, भावकी, शेतीचे वाद. आईवर रात्रीत दबाव येतो आणि दुसऱ्या दिवशी पोरगी मामाच्या गावाला गेलेली असते.

"पण तक्रार केली तर पोरीला घरातून उचलून नेतील," ही भीती खरी आहे. कायद्याने तिचा विचार केलेला आहे. पोलिसांना 24 तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. आरोपी त्याच घरात राहत असेल तर 2020 च्या नियमांप्रमाणे मुलाला 24 तासांत समितीपुढे हजर करतात. मूल घरीच ठेवायचं की बाहेर, हे पोलीस नाही, समिती ठरवते, तेही तीन दिवसांत आणि मुलाचं म्हणणं लक्षात घेऊन. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी जिल्हाधिकारी आढावा घेतात आणि समितीबद्दलची तक्रारही त्यांच्याकडंच करता येते. म्हणजे कुणा एकाच्या मर्जीवर काही सोडलेलं नाही. प्रत्यक्षात उशीर होतोच, म्हणून तक्रार दिल्यावर नोंद क्रमांक मागून घ्या.

जबाबाच्या वेळी पोलीस गणवेशात नसावेत, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवा तिथं घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा. सोबत आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेली दुसरी व्यक्ती बसू शकते. घरातल्यांवरच संशय असेल तर ती व्यक्ती आपणही असू शकतो, बाई किंवा गुरुजी म्हणून.

आपल्याकडून होणारी मोठी चूक म्हणजे चौकशी. वर्गशिक्षिका विचारते, मग हेडसर, मग आणखी कुणीतरी. प्रत्येक वेळी मूल थोडं बदलून सांगतं आणि पुढे कोर्टात नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं. "काकांनी हात लावला का?" असं उत्तर सुचवणारं विचारू नका. "मग काय झालं?" एवढंच पुरे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह वहीत लिहा.

लैंगिक नसलेली पण क्रूर मारहाण, उपाशी ठेवणं यासाठी बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 75 आहे. तिथंही समितीकडं जाता येतं.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव, गल्ली, वर्ग काहीही टाकू नका. आमच्या शाळेत 1098 चा फलक मोठ्यांच्या उंचीवर होता, परवा तो पहिलीच्या पोरांना दिसेल इतका खाली लावला.