जुनं पॅड फेकू नकोस हं!

अगं, सगळ्यात आधी एक कर. दाराची जी पॅडं भिजून फुगली आहेत आणि ज्यांचं रेक्झिन सोलून लोंबतंय, ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाऊ देऊ नकोस. आजोबांची पद्मिनी तुझ्या दारात आली, पत्र्याचं काम डेंटरकडे लागलं, इंजिनाला मिस्त्रीही मिळाला. आता आतलं उसवलेलं, तडकलेलं, निम्मं गायब झालेलं सामान बघून तुझा धीर सुटलाय. मला कळतं गं. खरं सांगू का, या गाड्यांत इंजिनापेक्षा आतलं कामच जास्त छळतं. इंजिनाचं सामान अजून दुकानदार काढून देतात, पण दाराचं पॅड मागितलंस की तुझ्या तोंडाकडे बघतात.

म्हणून ते कुजकं पॅड जप. शिंप्याला मापाचं ब्लाउज देतो ना, तसं आहे ते. त्यावर हँडलचं भोक कुठे, क्लिपा किती अंतरावर, कडा कुठे वळते, हे सगळं आहे. प्रत्येक दाराचं पॅड वेगळं ठेव आणि मागे खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ असं लिही. स्क्रू, वॉशर, क्लिपा त्या-त्या दाराच्या पिशवीत घाल आणि उतरवण्याआधी भरपूर फोटो काढ. कंटाळा करू नकोस, बाई!

दुसरं बघ, गाडी नेमकी कुठल्या सालची आहे ते आरसी बुकात बघून घे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं आणि नव्वदीचं दशक सरेपर्यंत ती निघत राहिली. बाहेरून बहिणी दिसतात, पण इतक्या वर्षांत डॅशबोर्ड, बटणं, हँडलं, सीटं बदलत गेली. त्याआधीची डुक्कर फियाट तर वेगळीच. दुकानात नुसतं ‘फियाटचं हँडल द्या’ म्हणालीस, तर समोरचा जे असेल ते देणार.

शोधायला कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार इथून सुरुवात कर. चेन्नईचं पुदुपेट आणि दिल्लीचं मायापुरी हेही जुन्या सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत, तिकडे कुणी नातेवाईक असेल तर त्याला कामाला लाव. मुंबईत टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. या टॅक्सींच्या भंगारात काचेची हँडलं, कुलपं, आरसे बघायला हरकत नाही. मात्र पॅडं आणि छत त्यांत शोधू नकोस. टॅक्सीवाले हौसेने आतून फुलाफुलांचं कापड लावून घ्यायचे, मूळचं क्वचितच उरलेलं असतं. आणि जाताना तुझा तुटका भाग पिशवीत ने. काचेचं हँडल वरून अगदी तसंच दिसतं, पण आतले दाते जुळले नाहीत तर फिरतच नाही. तिथेच दांड्यावर बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता पॅडाचं काम. इथे जरा वेळ देते, कारण हे तू स्वतः करू शकतेस. जुनं पॅड सपाट फरशीवर पसरून वर जाड पुठ्ठा कापून घे. फुगलेली कडा खरी मानू नकोस, दाराला पुठ्ठा लावून माप पुन्हा पडताळ. पुठ्ठा बरोबर बसला की तीन मिलिमीटरचं हार्डबोर्ड त्यावरून काप, भोकं पाड आणि रेक्झिन लावायच्या आधी मागची बाजू आणि कडा वॉर्निशने चांगल्या भिजव. मूळ पॅडं कुजतात कशाने? काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं. ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं आणि पॅडापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद हवा. कुणा मिस्त्रीने कधीतरी तो कागद फाडला आणि परत लावलाच नाही, असं जुन्या गाड्यांत फार दिसतं. तेव्हा आधी दाराची भोकं तारेने मोकळी कर, जाड प्लॅस्टिक चिकटव, मगच पॅड बसव. नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच.

रेक्झिनवरच्या रेषा शिवलेल्या आहेत की गरम साच्याने दाबून उमटवलेल्या, तेही नीट बघ. सीटकव्हरवाला सवयीने शिवूनच देईल. दाबलेल्याला जवळचं हवं असेल तर त्याला बारीक टाका आणि त्याच रंगाचा दोरा घ्यायला सांग. रंगाचा नमुना उन्हाने उडालेल्या भागावरून देऊ नकोस, मागे दुमडलेल्या कडेवर मूळचा रंग जसाच्या तसा मिळतो.

बटणं आणि नॉब हरवले असतील तर घाबरू नकोस. एक जरी शाबूत असेल तरी सिलिकॉन रबराचा साचा करून त्यावरून बाकीचे ओतता येतात. तू घड्याळं-ट्रे करायला जे रेझिन आणतेस ना, ते मात्र इथे वापरू नकोस. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड इतका तापतो की ते नरम पडतं. उष्णता सोसणारं रेझिन मागून घे. थ्रीडी प्रिंट करून घेतलंस तरी हीच गोष्ट. नेहमीचं पीएलए साठ अंशांच्या आसपास वाकायला लागतं, म्हणून एबीएस किंवा एएसएमध्ये दे म्हणावं. साधा गोल नॉब असेल तर सरळ लेथवाल्याकडे जा. तो अॅल्युमिनियमचा करून देईल आणि तो तुझ्या पोरांनाही पुरेल.

चकचकीत पट्ट्या प्लेटिंगला देताना आधी त्या कशाच्या आहेत ते ठरव. चुंबक चिकटला तर लोखंड. न चिकटणारी आणि वजनाला जड, अंगावर फोड आलेली असेल तर बहुतेक जस्ताचं ओतकाम. ते तेजाबात जास्त बुडवलं की खाल्लं जातं, म्हणून अशा कामाची सवय असलेल्यालाच दे. हलक्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला पॉलिशच पुरतं.

छत मात्र स्वतः करू नकोस, ऐक माझं. ते आतल्या तारांच्या कमानींवर ताणलेलं असतं आणि कमानींची लांबी सारखी नसते. कारागिराला उतरवताना प्रत्येक कमानीवर नंबर टाकायला लाव, शक्य तर तिथे उभी राहा. नवीन कापड उन्हात थोडं तापवून मधून सुरुवात केली की चुण्या पडत नाहीत, हे चांगल्या कारागिराला सांगावं लागत नाही. पण जुनं छत तो दुकानातच टाकून देत असेल तर मागून आण. आणि हो, छत आधी, मग दारांची पॅडं, सीटं शेवटी. म्हणजे वरच्या कामाची धूळ नि डिंक नव्या सीटांवर सांडणार नाही.

एवढ्यात एकाच दाराचं पॅड घे गं. मागचं डावं. तिथे कुणी बसत नाही, घाई नाही. ते जमलं की पुठ्ठ्याचे बाकीचे तीन नमुने कापून ठेव, पुढच्या रविवारी मी कात्री घेऊन येते.